पायांची सनद



अध्यक्षपदाचा बहुमान दिलात याबद्दल मी आपला ऋणी आहेच. परंतु पादचिकित्सेचे हे संमेलन मुंबईच्या एखाद्या थंडगार सभागृहात न भरविता नारपोलीत भरविलेत याबद्दल अधिक ऋणी आहे, कारण यंत्रमागाच्या खडखडाटात बारा बारा तासांची पाळी जेथे माणसे उभ्याने काढतात, तेथे पायांविषयी बोलणाऱ्याला शब्द आपोआपच जपून वापरावे लागतात.

कुरूप, भोवरी, नखुरडे, चिखल्या या व्याधींना हात लावणे वैद्यांनी दीर्घकाळ आपल्या प्रतिष्ठेस साजेसे मानले नाही आणि ते काम न्हाव्याच्या नराणीवर सोपविले. विलायतेतही प्रकार फारसा निराळा नव्हता. व्हिक्टोरिया राणीच्या पदरी असलेल्या लुइस डर्लाकर याने १८४५ साली या विषयावर ग्रंथ लिहिला खरा, पण राजाश्रयाने त्याचा हुद्दा वाढला, धंद्याचा दर्जा वाढला नाही. पुढे १९१३ साली लंडनात गोरगरिबांसाठी पायांचा दवाखाना निघाला, आणि १९६० साली कायद्याने सरकारी नोंदवही उघडली. तरी त्या कायद्यात एक फट राहिलीच: ‘सरकारमान्य’ हे विशेषण तेवढे राखीव झाले, व्यवसायाचे नाव मोकळे राहिले. परिणामी नोंद नसलेले लोक आणखी चाळीस वर्षे तीच पाटी लावून बसले होते. २००३ साली नावालाही संरक्षण मिळाले. परंतु जुन्या लोकांना एकाएकी हुसकून न लावता अनुभवाचा पुरावा देऊन वहीत येण्यास दोन वर्षांची मुदत देण्यात आली. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे कमला निंबकरांनी १९५० साली केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले आणि पाठोपाठ तेथेच भौतिकोपचाराची शाळा निघाली. पण या दोन्ही व्यवसायांच्या परिषदेसाठी महाराष्ट्रात कायदा व्हावयास २००२ साल उजाडावे लागले. अर्धशतकाची ही प्रतीक्षा लक्षात ठेवावी, म्हणजे आपली अधीरता आटोक्यात राहील.

पायांचे खरे ज्ञान मात्र आपल्याकडे कोणत्याही परिषदेच्या दप्तरात वाढले नाही. ते कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांत वाढले. कुष्ठरोग्याचे मांस आपोआप सडते ही समजूत खोटी असून संवेदना गेल्यामुळे तो नकळत स्वतःला इजा करून घेतो, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, आणि मऊ रबराच्या तळाची चप्पल हे औषधाइतकेच मोलाचे साधन ठरले. मधुमेही पायाची कथा पुष्कळ अंशी हीच आहे. नारपोलीतील ज्या कामगाराच्या तळव्याची जाणीव मधुमेहाने हिरावून नेली आहे, त्याला माग चालू असता चपलेतून वर आलेला खिळा टोचत नाही. पाळी सुटल्यावर रक्त दिसते, आणि तेही रोजंदारी बुडेल या भीतीने तो चिंधीने बांधून ठेवतो. मुंबईत डॉ. अरुण बाळ आणि नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी असे पाय वाचविण्याच्या कामाला वाहून घेतले, आणि त्यात परिचारिकेलाही जोडीदार मानण्याची दृष्टी पेंडसे यांनी दाखविली.

आरोग्य-व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पोडियाट्रिस्ट हे नाव अखेर परिशिष्टात घेतले. ते समाजकार्यकर्ते आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या पंक्तीस का बसविले, याचा उलगडा मला झालेला नाही. पण पान मांडले आहे, तेव्हा जागेवरून रुसण्यात अर्थ नाही. प्रश्न पंगतीत कोणाला घ्यावयाचे हा आहे. उद्या पदवीधर येतील, यावेत. परंतु वर्षानुवर्षे जखमा धुणारा ड्रेसर, आणि पावलाचा ठसा पाहून तळ कोठे खोल कापावा हे जाणणारा चप्पल-कारागीर, यांना केवळ दाखला नाही म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवणे हा अन्याय तर होईलच, शिवाय रुग्णाचे नुकसानही होईल. त्यांच्या अनुभवाची कसून पारख व्हावी, जे उतरतील त्यांना काम ठरवून देऊन वहीत स्थान द्यावे, आणि ब्लेड चालविण्याचा अधिकार शिक्षणाविना कोणासही देऊ नये, अशी दरखास्त मी उद्याच्या सत्रात मांडणार आहे. परीक्षा लेखी नसावी, समोर रुग्णाचा पाय ठेवूनच घ्यावी, असे कलम तीत मुद्दाम घातले आहे. त्यावर आक्षेप असतील ते आज रात्रीपर्यंत चिटणीसांकडे द्यावेत.