इंग्रजीच्या तासाला गोष्ट
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहावी-सातवीच्या मुलांना इंग्रजी गोष्ट कशी शिकवावी, या साध्या विषयावर मी आज बोलणार आहे. विषय साधा असला, तरी त्यात पुष्कळ काही गुंतलेले आहे. आपली मुले घरी उर्दू, मराठी किंवा कोकणी बोलतात. पुष्कळांच्या कानी इंग्रजी पडते ते वर्गातच. त्या तासाची एकदा धास्ती बसली की हुशार मूलही मागे सरते. आणि मुलगी असेल, तर तिची शाळा सुटायला तेवढे निमित्त पुरते.

रूढ पद्धत अशी की, शिक्षकाने एक वाक्य वाचावे, त्याचा अर्थ सांगावा, मग पुढचे वाक्य घ्यावे. शेवटी गाइडातला सारांश पाठ होतो. त्याने मार्क मिळतात. पण गोष्ट हरवते आणि मूल स्वतःचे एक वाक्यही बनवीत नाही.

प्रेमचंदांची 'ईदगाह' घ्या. १९३३ सालची ही कथा इंग्रजी भाषांतरातही मिळते. लहानग्या हामिदजवळ तीनच पैसे आहेत. सोबती मिठाई आणि खेळणी घेतात. हामिद लोखंडी सामानाच्या दुकानापाशी थांबतो. इथवर गोष्ट सलग वाचावी आणि पुस्तक मिटावे. "तीन पैशांत तुम्ही काय घ्याल?" असे विचारून फळ्यावर 'आय विल बाय' एवढेच लिहावे. शेवटच्या बाकावरचे मूलही पुढे एखादा शब्द जोडील. ते त्याचे स्वतःचे वाक्य!

मग दोघांना उभे करावे. एक दुकानदार, दुसरा हामिद. दुकानदार चिमट्याचे सहा पैसे सांगतो, पाचावर येतो आणि शेवटी तीन पैशांत देतो. ही घासाघीस इंग्रजीत करताना मुलांची भीड मोडते. तव्यावरची रोटी काढताना दादी अमीनाची बोटे भाजतात, म्हणून चिमटा घेतला, हे शिक्षकाने सांगू नये. मुलांनाच शोधू द्यावे. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट अमीनाच्या तोंडून सांगायला लावावी. 'गो'चे 'वेन्ट' आणि 'बाय'चे 'बॉट' त्या ओघात जिभेवर बसते.

गोष्ट परक्या मुलखातली असली, तरी बिचकू नये. ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' १९०५ साली न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आली. पत्नी केस विकून पतीच्या घड्याळासाठी साखळी घेते. पतीने तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला घड्याळच विकलेले असते. तंगीतही आपल्या माणसासाठी काही घेऊन येणे आपल्या घरांना का अपरिचित आहे?

पालकहो, आम्हांला इंग्रजी येत नाही, असे म्हणून बाजूला होऊ नका. संध्याकाळी मुलाला विचारा, "आज कोणती गोष्ट झाली?" ती घरच्या भाषेत ऐका. मधेच विचारा, "त्याने तसे का केले?" ज्याला गोष्ट समजली, त्याला सांगावेसे वाटते, आणि ज्याला सांगावेसे वाटते, तो शब्द शोधतोच.

विद्यार्थी मित्रांनो, चूक होईल म्हणून गप्प बसू नका. मोडके का असेना, वाक्य तुमचे असू द्या. पाठ केलेला सारांश परीक्षेपुरता. स्वतः जुळवलेले वाक्य पुढे अर्ज लिहिताना आणि मुलाखतीत बोलताना उपयोगी पडेल.