खांद्याचे दुखणे आणि कष्टकरी हात
(सोलापूर येथे यंत्रमाग कामगारांसमोर केलेले भाषण)



1877 साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून हे शहर कष्टकऱ्यांच्या हातांवर उभे आहे. जुन्या गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी चादरी आणि टॉवेल विणणारे माग चालूच आहेत. सुताचा जड बीम उचलणारा हात ज्या सांध्यावर तोलला जातो, त्या खांद्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा होय. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा, तर खांद्याच्या पात्यावरील खोबण उथळ. त्यामुळे हात चहूकडे फिरतो. पण सांधा निखळण्याचे भयही तेथेच अधिक. या खोबणीभोवती चिवट कूर्चेची कड असते. तिला डॉक्टर ‘लॅब्रम’ म्हणतात. परातीच्या काठाप्रमाणे ती खोबणीला खोली देते. ओझे निसटून हिसका बसला, पसरल्या हातावर पडणे झाले, किंवा हात वर करून सतत काम केले, तर ही कड फाटू शकते. मग खांद्यात खोल ठणका लागतो, हात अडकतो, निसटेल असे वाटते. साध्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, कूर्चा दिसत नाही; त्यासाठी एम.आर.आय. तपासणी करावी लागते.

अशा वेळी कोणी हाडवैद्याकडे जातो, कोणी कायरोप्रॅक्टिक उपचारांकडे वळतो. ही पद्धती डॅनियल डेव्हिड पामर यांनी 1895 साली अमेरिकेत सुरू केली. सांधा हाताने दाबून ‘कट्’ असा आवाज काढला की दुखणे गेले, असा अनेकांचा समज होतो. परंतु त्या आवाजाने फाटलेली कूर्चा सांधली जात नाही. भोवतालचे स्नायू सैल होऊन काही काळ आराम वाटेल, एवढेच. आणि नुकत्याच निखळलेल्या खांद्याला तर तपासणीवाचून हिसका देणे धोक्याचे. जवळच्या नसा व रक्तवाहिन्या दुखावू शकतात.

प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. विश्रांती, औषधे आणि भौतिकोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायाम यांनी पुष्कळांना गुण येतो. खांदा वारंवार निखळत असेल, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून कड पुन्हा हाडाला जोडता येते. आपल्या शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे. त्याच्याशी संलग्न सर्वोपचार रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. तेथे आधी तपासून घ्यावे.

एका दिवसाचा खाडा नको म्हणून दुखणे अंगावर काढले, तर पुढे महिनोन्महिने घरी बसण्याची पाळी येते आणि चूल थंडावते. मागावर धागा तुटला की आपण माग थांबवितो, गाठ मारतो आणि मगच पुढे विणतो. स्वतःच्या खांद्याच्या बाबतीतही तेवढीच दक्षता बाळगा, ही विनंती.