प्रयोगशाळेच्या उंबऱ्याआंत आपलें पोर
(शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



मी आज पुराण सांगायला उभा नाहीं, आणि कोणत्या योजनेची दवंडी पिटायलाहि आलों नाहीं. एकच प्रश्न तुमच्यापुढें ठेवणार आहे. शाळेंत शिकणारें पोर आठ-पंधरा दिवस शास्त्रज्ञांच्या तुकडीबरोबर कामाला बसवावें असें पुष्कळ शहाणे लोक म्हणतात. तें खरेंच बसवावें काय? बसवावें तर कसें? आणि ती जागा कोणाच्या पोरानें घ्यावी?

सुताराचें पोर रंधा धरायला पुस्तकांत शिकत नाहीं. बाप लाकूड कसें फिरवितो, गांठ आली म्हणजे हात कसा आंवरतो, हें शेजारीं बसून तें पाहतें. लोहाराचें पोर लोखंडाच्या रंगावरून ताव ओळखतें. शेतकऱ्याचें पोर ढेंकूळ हातांत चुरून वाफसा सांगतें. शास्त्र हेंहि हाताचेंच काम आहे. मोजणें, तोलणें, वाट पाहणें, चुकलें तर पुन्हां करणें, आणि जें दिसलें तेंच लिहिणें, एवढ्यावर तें उभें आहे. मग तें तरी नुसतें फळ्यावरून कसें यावें?

मायकेल फॅरडेची गोष्ट ऐका. १७९१ सालीं विलायतेंत एका लोहाराच्या घरीं तो जन्मला. चौदाव्या वर्षीं पुस्तकें बांधणाऱ्या एका दुकानदाराकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला. बांधायला आलेलीं पुस्तकें वाचतां वाचतां त्याला शास्त्राची गोडी लागली. १८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्याला हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. पोरानें व्याख्यानें ऐकलीं, टिपणें काढलीं, तीं स्वतः बांधून डेव्हीकडे पाठविलीं. १८१३ सालीं त्याला डेव्हीच्या प्रयोगशाळेंत मदतनिसाची जागा मिळाली. पुढें १८३१ सालीं याच लोहाराच्या पोरानें चुंबक व तारेचें वेटोळें यांपासून वीज कशी निघते तें शोधून काढलें. आज तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला जी वीज येते, तिच्या मुळाशीं बहुतेक ठिकाणीं तोच शोध आहे.

ही गोष्ट ऐकून टाळ्या वाजविणें सोपें आहे. पण जरा विचार करा. तें गिऱ्हाईक त्या दुकानांत आलेंच नसतें तर? फॅरडेची बुद्धि तीच, हात तेच, आणि जन्मभर दुसऱ्यांचीं पुस्तकें बांधणें नशिबीं आलें असतें. फॅरडेला तिकीट मिळालें. ज्यांना मिळालें नाहीं त्यांचीं नांवें कोणाच्या वहींत आहेत? म्हणून माझें म्हणणें असें कीं, पोराला उंबऱ्याआंत घेणें हें कोणा भल्या गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडूं नये. त्याला नियम पाहिजे.

विलायतेंतल्या शाळा चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना आठवडा-दोन आठवडे खऱ्या कामाच्या ठिकाणीं पाठवितात. कोणी दवाखान्यांत, कोणी कारखान्यांत, तर कोणी संशोधनाच्या प्रयोगशाळेंत जातें. इंग्लंडांत वरच्या वर्गांना असें कामाशीं जोडलेलें शिक्षण देण्याचें शाळांवर कायद्यानें बंधन होतें. तें २०१२ सालीं काढून टाकलें. बंधन गेलें कीं जागा शोधण्याचा भार घरावर येतो. आणि घरावर आला म्हणजे काय होतें, हें तुम्हांला सांगायला नको. ज्याचा मामा प्रयोगशाळेंत, त्याचा भाचा प्रयोगशाळेंत! या रोगावर उतारा ठरेल अशी नफील्डच्या नांवाची एक योजना तेथें होती. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना सुटींत कांहीं आठवडे संशोधकांजवळ बसवावयाचें, येण्याजाण्याचा खर्च द्यावयाचा, आणि ज्यांच्या घरीं पैसा नाहीं त्यांना अगोदर घ्यावयाचें. वशिल्यावर औषध सांपडतें, तें असें.

आपल्याकडे कांहींच झालें नाहीं असें मी म्हणत नाहीं. कोठारी आयोगानें १९६४ ते ६६ मध्यें कामाचा अनुभव हा शिक्षणाचा भाग असावा असें सांगितलें, आणि आपल्या शाळांत कार्यानुभव हा विषय आला. पण कित्येक ठिकाणीं कागदाचीं फुलें करून त्याची बोळवण झाली. उलट पाबळ येथें डॉ. कलबाग या शास्त्रज्ञानें १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला, आणि खेड्यांतल्या पोरांना सुतारकाम, वीज, शेती, आरोग्य हातानें करून शिकविण्याची वाट घालून दिली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनें १९९० च्या दशकापासून उन्हाळ्याच्या सुटींत शाळकरी मुलांना बोलावून, सोमवार ते शुक्रवार शास्त्रज्ञांच्या हाताखालीं छोटे प्रकल्प करविले. म्हणजे हें काम आपल्या मातींत होऊं शकतें. पण पुण्याच्या शाळेंतलें पोर घरची भाकरी बांधून जाऊं शकतें. आडगांवच्या पोरानें रात्रीं कोठें निजावें? हा प्रश्न सुटेपर्यंत दार उघडें असून आपल्याला तें बंदच.

आतां काम कसें द्यावें तें सांगतों. पोराला पांच दिवस यंत्रें दाखवीत फिरविलें तर ती जत्रा झाली. पांच दिवस बाटल्या धुवायला लावल्या तर ती वेठ झाली. त्याला एक लहान पण पुरा प्रश्न द्यावा. समजा, मातीची प्रयोगशाळा आहे. प्रश्न असा: उसाचें पाचट न जाळतां रानांत पसरलें तर ओल अधिक टिकते काय? पहिल्या दिवशीं पोरानें पाचटाखालच्या आणि उघड्या रानांतल्या मातीचे तीन तीन नमुने आणावे, तोलावे, आणि १०५ अंशांच्या भट्टींत चोवीस तास वाळवावे. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोलावे. १०० ग्रॅम माती वाळून ८० भरली, तर २० ग्रॅम पाणी गेलें; कोरड्या मातीच्या मानानें ओल पंचवीस टक्के. तीन नमुने कां? एक नमुना खोटें बोलूं शकतो. तिघांची साक्ष जुळली तर विश्वास ठेवावा. पुढचे दोन दिवस तेंच पुन्हां करावें, आणि शेवटच्या दिवशीं सगळ्या तुकडीपुढें उभें राहून आपल्या भाषेंत सांगावें: मला हें दिसलें, आणि हें अजून कळलें नाहीं. आंकडा अपेक्षेविरुद्ध आला तरी तो खोडूं नये. एवढें एक शिकलें तरी पोर पुढें कोणाच्या भूलथापांना बळी पडणार नाहीं.

शास्त्रज्ञ मंडळींना माझी विनंति आहे. पोर येण्यापूर्वीं त्याचा सांभाळ कोण करणार त्या माणसाचें नांव ठरवा. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे. आम्ल, आंच, वीज यांपाशीं त्याला एकटें सोडूं नका. धोके कोणते व बंदोबस्त काय हें आईबापांना अगोदर कळवा. विलायतेंत १९९९ च्या नियमांनीं तसें बंधनच घातलें आहे. मराठींत समजावून सांगा. तुमचा वेळ जाईल, हें खरें. दिवसाचे दोन तास कमीच पडतील. पण ज्या संस्था सरकारी पैशावर चालतात, तो पैसा कर भरणाऱ्यांच्या खिशांतला आहे. शिवाय साध्या पोराला समजेल असें आपलें काम सांगतां येईना, तर तें आपल्यालाच किती कळलें आहे याचा उमज पडतो. हा नफा थोडा नव्हे.

आणि आईबापहो, तुमच्याशींहि दोन शब्द. "आठ दिवस जाऊन नोकरी मिळेल काय?" असें तुम्ही विचाराल. नाहीं मिळणार, मिळेल असें जो सांगेल त्याला दारांत उभा करूं नका. मिळेल तें हें: शास्त्र करणारीं माणसें आपल्यासारखींच आहेत, चुकतात, पुन्हां करतात, आणि "मला माहीत नाहीं" म्हणायला लाजत नाहींत, हें पोर डोळ्यांनीं पाहील. सुगींत एक हात कमी पडेल, मान्य आहे. म्हणून सुटीचा आठवडा मागून घ्या. पण मुलगा असला तर पाठवूं आणि मुलगी असली तर चुलीशीं ठेवूं, असा दुजाभाव करूं नका. तिच्यासोबत शिक्षिका जाईल, ती कोठें उतरेल, हें लेखी विचारा आणि मग पाठवा.

आपण भीक मागत नाहीं. कुंभाराच्या पोराला भट्टीची आंच कळते, शिंप्याच्या पोरीचा हात एका सुतानेंहि चुकत नाहीं. हें भांडवल घेऊन तीं दारांत उभीं राहतील. म्हणून या सभेनें तीन मागण्या कराव्या अशी माझी सूचना आहे. तालुक्याजवळच्या प्रत्येक संशोधन संस्थेनें दरवर्षीं कांहीं जागा जिल्हा परिषदेच्या शाळांसाठीं राखाव्या, आणि त्यांत निम्म्या मुली असाव्या. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकाव्या, ओळख पाहूं नये. एस. टी. चें भाडें व दोन वेळचें जेवण संस्थेनें द्यावें. गुरुजींनीं आजच अर्ज लिहावा, आणि त्याखालीं पहिल्या सह्या व आंगठे तुमचे असावे.