चार रुपये पगाराचा गोलंदाज

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सर्वांचे अभिनंदन, आणि पालकांचे सगळ्यात आधी. सोलापुरात कुणाची फी यंत्रमागाच्या मजुरीतून भरली जाते, तर कुणाची आईने वळलेल्या विड्यांतून. ती माणसे आज मागच्या रांगांत बसली आहेत. पुढच्या रांगा कुणासाठी राखलेल्या असतात, हे तुम्ही आत येतानाच पाहिले असेल.

आज मी एका खेळाडूविषयी बोलणार आहे. त्याच्या खेळाविषयी थोडे आणि त्याच्या नोकरीविषयी जास्त.

क्रिकेट म्हटले की सोलापूरकर पॉली उम्रीगरांचे नाव घेतात, आणि घ्यावेच. १९२६ साली ते या गावात जन्मले आणि १९५५ च्या नोव्हेंबरात त्यांनी भारताचे पहिले कसोटी द्विशतक काढले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत बाळू बाबाजी पालवणकर वारले. उम्रीगर ज्या वाटेने चालले, ती वाट रूळ फिरवून ज्यांनी सपाट केली त्यांतले हे एक. इथे रूळ हा शब्द अगदी शब्दशः घ्या.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातले पालवण, जात चांभार. बाळू आणि त्यांचे भाऊ पुण्यात वाढले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर क्रिकेट शिकले. पहिली नोकरी पारशी क्लबात, महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये. काम काय, तर खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, नेट बांधायचे. मग कुणा साहेबाने एकदा चेंडू टाकायला सांगितले, आणि या डावखुऱ्या पोराचा चेंडू भलतीकडेच वळतो हे सगळ्यांच्या लक्षात आले.

तिथला नावाजलेला फलंदाज होता जे. जी. ग्रेग. तो इतरांच्या तासभर आधी येऊन बाळूकडून एकट्याने सराव करून घेई. बाद झाला की आठ आणे देई, असे सांगतात. खरे असो वा नसो, ग्रेगची फलंदाजी सुधारली आणि बाळूची गोलंदाजीही. पण इतकी वर्षे राबूनही त्या नेटमध्ये बाळूच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम, बॅट धरणे साहेबाचे.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र इतर जण आत चिनी मातीच्या कपातून पीत आणि बाळूला बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात मिळे. साताऱ्याच्या गोऱ्या संघाने त्याची फिरकी बोथट व्हावी म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवला, तरी त्याने सात गडी बाद केले. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सभेत त्याचा सत्कार केला आणि विचारले की ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला काय हरकत आहे? प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला पुण्याला बराच वेळ लागला.

बाळू मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. रेल्वेत नोकरी लागली. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा संघात बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांचा संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी एकट्याने शंभरावर बळी घेतले.

लोक त्यांना हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणत. यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स त्यांच्याच वयाचा, तसाच डावखुरा आणि तसाच पगारी. त्या काळी इंग्लंडात क्रिकेटचे पगारी खेळाडू पोटासाठी खेळत. त्यांना अनेक मैदानांवर हौशी खेळाडूंपेक्षा वेगळे फाटक असे, कपडे बदलायला वेगळी खोली असे. इंग्लंडच्या संघाने विसाव्या शतकात पहिला पगारी कर्णधार, लेन हटन, नेमला तो १९५२ साली. ज्यांनी आम्हाला हा खेळ शिकवला त्यांनी श्रेणीही शिकवल्या, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण मातीचे भांडे त्यांनी आणले नव्हते, ते आपले होते.

बाळू हिंदू संघाचे कर्णधार कधीच झाले नाहीत. सर्वांत अनुभवी खेळाडू तेच होते. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी भर सत्कारात सांगितले की हा मान बाळूचा होता. पै भले गृहस्थ. मान मात्र त्यांनी ठेवून घेतला. १९२० मध्ये बाळूंना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळायला नकार दिला. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, समिती नमली, आणि अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि संघ जिंकलाही. तो मान गुणांमुळे मिळाला हे अर्धेच खरे. गुण बाळूंकडे वीस वर्षे होतेच. दोन भावांनी पाय मागे घेतला तेव्हा कुठे गोष्ट हलली.

बाळू पुढे राजकारणातही उतरले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. मतभेद खोल होते, आणि माझ्या मते त्यात बाबासाहेबांची वाट अधिक दूरची होती. पण १९११ च्या दौऱ्यानंतर दलित समाजाने बाळूंना मानपत्र दिले, त्याच्याशी तरुण भीमरावांचेच नाव जोडले जाते. ही आठवण विसरून या दोघांकडे पाहू नये.

मित्रांनो, थोड्याच वर्षांत तुमच्यापैकी पुष्कळ जण निवड करणाऱ्यांच्या खुर्चीत बसाल. शाळेच्या समितीवर असाल, बँकेत असाल, कारखान्यात असाल. तिथे वर्षानुवर्षे उत्तम काम करणारा कुणी कायम ‘मदतनीस’च राहिलेला दिसेल. त्याची फाइल मागवा आणि याला आजवर बॅट कधी दिली होती का, हे भर बैठकीत विचारा. आणि दिली नसेल, तर त्याच बैठकीत द्या.