पडद्यापलीकडच्या वर्गाशी बोलताना

(अभ्यासिकेच्या कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



आपल्या अभ्यासिकेतील मुले लवकरच इंग्लंडमधील एका शाळेच्या वर्गाशी व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे बोलणार आहेत. यंत्राची व्यवस्था काय, असे बरेच जण मला विचारतात. ती होईल. मला चिंता आहे ती बोलणार कोण याची.

१९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोचले. प्रयोग मोठाच होता. पण गावकरी फक्त पाहत होते. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला गेला, तेव्हा दूरच्या वर्गाला प्रश्न विचारण्याची सोय आली. आता साध्या मोबाइलवरही दोन वर्ग समोरासमोर येतात. इतक्या उशिरा हाती आलेली ही बोलण्याची संधी पुन्हा त्याच दोन-तीन चुणचुणीत मुलांना द्यायची काय? दर कार्यक्रमात तीच मुले आणि तेच पाठ केलेले इंग्रजी भाषण. टाळ्या पडतात, पण पलीकडून एखादा साधा प्रश्न आला की पाठांतर तिथेच संपते.

म्हणून माझे म्हणणे असे, की ज्यांना इंग्रजीची भीती वाटते त्यांनी खुशाल मराठीत बोलावे. शेजारी बसून कॉलेजातल्या एखाद्या विद्यार्थ्याने त्याचे इंग्रजी सांगावे. मात्र याला दुप्पट वेळ लागतो. वाट्याला चार मिनिटे आली, तर मुलाचे स्वतःचे बोलणे दोनच मिनिटांचे, म्हणजे सावकाश बोलल्यास साधारण दोनशे शब्दांचे. एक-दोन वाक्यांनंतर थांबायची सवय लावा. सलग दहा वाक्ये ऐकली की सांगणाऱ्याच्या लक्षात निम्मीच राहतात.

विषय निबंधाच्या वहीतला नको. जिची आई भाजी विकते तिने पहाटे माल कसा आणतात, संध्याकाळी उरलेल्या पालेभाजीचे काय करतात, हे सांगावे. त्यावर कोणीही काहीही विचारो, ती अडणार नाही. पण घरातले काय सांगायचे आणि काय नाही, हे तिनेच ठरवावे. परक्यांपुढे आपली गरिबी मांडण्याकरिता हा कार्यक्रम नाही, हे हौशी कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगतो.

चित्र थोडे अस्पष्ट असले तरी चालते. आवाज तुटला की सारे फुकट. पंखा बंद ठेवा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळा दिसतो. एकाच खोलीत दोन मोबाइलचे आवाज चालू राहिले तर ते घुमतात. ज्वारीचे कणीस दाखवायचे असेल, तर कॅमेऱ्यापुढे धरून मनात पाच अंक मोजेपर्यंत हात हलवू नये.

आणखी एक. बोललेले पलीकडे पोचायला क्षणभर उशीर लागतो. एज्युसॅटसारखा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. तिथे जाऊन परत यायलाच पाव सेकंद. इंटरनेटवरही कमी-अधिक उशीर होतोच. तेवढ्या शांततेत मूल बावरते, आपले काही चुकले असे त्याला वाटते. यासाठी दोन मोबाइल दोन खोल्यांत ठेवून तालीम घ्यावी, म्हणजे थांबणे अंगवळणी पडते.

पत्रव्यवहारात दोन्हीकडच्या वेळा लिहा. इंग्लंडात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. त्यामुळे त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे कधी दुपारचे अडीच, तर कधी साडेतीन.

जे विद्यार्थी भाषण करणार नाहीत, त्यांनी प्रत्येकी एक प्रश्न तयार ठेवावा. निम्मा वेळ प्रश्नांसाठीच राखू या. पहिली तालीम येत्या रविवारी आहे. पालकांनी जरूर यावे. फक्त मागे बसून मुलांना उत्तरे पुरवू नयेत.