शाळेच्या खोलीचा पाया आणि आपल्या गावची जमीन

(सोनिवली येथील शिक्षण परिषदेत विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज सकाळपासून वाचन, लेखन व गणित यांविषयी पुष्कळ चर्चा झाली. माझा विषय त्याहून निराळा आहे. शाळेची खोली बांधणे हे अभियंत्याचे व गवंड्याचे काम. गुरुजींचा तेथे काय संबंध, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु 2001 मध्ये सर्व शिक्षा अभियान सुरू झाले, तेव्हा अनेक गावी खोल्यांचे बांधकाम ग्राम शिक्षण समितीकडे, म्हणजे व्यवहारात मुख्याध्यापकाकडेच आले होते. आजही शाळा व्यवस्थापन समितीचे सचिवपद त्यांच्याकडेच आहे. अभियंत्याकडे अनेक गावे असतात. तो रोज येऊ शकत नाही. पायाचा चर मात्र एका दिवशी खणून होतो आणि दुसऱ्या दिवशी काँक्रीटखाली झाकला जातो. त्या एका दिवसात चराचा तळ पाहणारा व दोन प्रश्न विचारणारा मनुष्य गावात असेल, तर तो बहुधा शिक्षकच असतो.

या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे, म्हणूनच हा विषय मी मागून घेतला. उल्हास नदीच्या खोऱ्यातील एका लहान शाळेवर मी मुख्याध्यापक होतो. नव्या खोलीसाठी मिळालेली जागा अर्धी माळाची व अर्धी जुन्या भातखाचराची होती. खाचर भराव घालून सपाट केलेले असल्यामुळे वरून काहीच कळत नव्हते. चर खणला जात असता एक वृद्ध शेतकरी काठी टेकीत आले आणि म्हणाले, "गुरुजी, तो पलीकडचा कोपरा आमच्या खाचराचा. तिथं अजून खाली जायला हवं." मार्चअखेर जवळ आली होती, निधी परत जाण्याची धास्ती होती. सगळीकडे सारखीच खोली पुरे, असे मी गवंड्यास सांगितले. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीनंतर तो कोपरा खचला. खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरकी भेग गेली. तिच्यात बोट जाऊ लागले. भेगेवर काचेची पट्टी प्लॅस्टरने चिकटवून पाहिली. महिन्याच्या आत काच तडकली, म्हणजे भिंत अजून हलतच होती. खोली बंद करावी लागली आणि चौथीचा वर्ग दोन पावसाळे ओसरीत बसला. ते आजोबा पुढे कधी भेटले की त्या विषयावर एक अक्षरही बोलत नसत. त्यांनी बोलून दाखविले असते, तर मला बरे वाटले असते.

आता आपल्या जमिनीकडे वळू. सोनिवली, बदलापूर, अंबरनाथ हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हारसाचा हा खडक. अंबरनाथचे शिवमंदिर याच पाषाणाचे असून त्यावरील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा आहे. हा खडक ऊनपावसाने कुजला की त्याचा मुरूम होतो आणि मुरूम अधिक कुजला की माती. म्हणून माळावर व उतारावर हातदीड हात तांबूस मातीखाली मुरूम लागतो. खाचरांत करडी-काळी चिकण माती पुष्कळ खोल असते. नदीकाठी तर पुराने आणून टाकलेला गाळ. एकाच गावात, कधी एकाच शाळेच्या आवारात, या तिन्ही जमिनी सापडतात, आणि घात होतो तो येथेच.

पाया केवळ मऊ जमिनीवर असल्याने इमारत फाटते असे नव्हे. सारी इमारत सारखी खचली, तर फारसे बिघडत नाही. एक टोक मुरुमावर व दुसरे भरावावर असले, म्हणजे एक टोक जागचे हलत नाही, दुसरे खाली जाते, आणि मध्ये भिंत फाटते. इटलीतील पिसा येथील मनोऱ्याचे उदाहरण पाठ्यपुस्तकांमुळे आपणांस ठाऊक आहे. 1173 मध्ये त्याचे काम सुरू झाले व तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच तो कलू लागला. कारण खालची चिकण माती एका बाजूस अधिक दबणारी होती. 1990 मध्ये तो लोकांस बंद करावा लागला. पुढे वर राहिलेल्या बाजूखालील माती थोडी थोडी काढून घेऊन कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी केला, आणि 2001 मध्ये तो पुन्हा खुला झाला. तेथे जगभरातील तज्ज्ञ जमले. आपल्या चौथीच्या खोलीसाठी कोणी जमत नाही.

थोडे गणित करू. एक मजली खोलीच्या भिंतीचा, छताचा व जोत्याचा मिळून भार दर धावत्या मीटरला साधारण 3 ते 4 टन येतो. पाया 60 सेंटीमीटर रुंद धरला, तर जमिनीवर दर चौरस मीटरला 5 ते 7 टन भार पडतो. बांधकामाच्या जुन्या कोष्टकांत मऊ खडकास चौरस मीटरला 45 टन दिलेले असतात. जोर लावून अंगठा दाबला असता खूण उमटते अशा ओलसर चिकण मातीस 15 टन, मध्यम दाबाने खूण उमटणाऱ्या मातीस 10 टन, आणि अंगठा सहज आत शिरतो अशा मातीस केवळ 5 टन. कोष्टक करणाऱ्यांनी अंगठ्यासच मोजमापाचे साधन मानले, ही गोष्ट मला फार आवडते. तेव्हा चराच्या तळाशी उतरा आणि चारही कोपऱ्यांत अंगठा दाबून पाहा. एका कोपऱ्यात वेगळे लागले, की काम तेथेच थांबवा.

एक सावधगिरी मात्र हवी. वैशाखात नदीकाठचा गाळ उन्हाने दगडासारखा होतो, त्यावर पहारही टणत्कार करते. तीच जमीन श्रावणात लापशीसारखी होते. 27 जुलै 2019 रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि एक हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे आपणांस आठवत असेलच. जेथे रुळाभोवती इतके पाणी साचते, तेथील जमीन उन्हाळ्यात पाहून तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून चराच्या तळाशी घागरभर पाणी ओतावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी अंगठा दाबावा. नंतर ते पाणी व भिजलेला थर काढून टाकून मगच काँक्रीट घालावे. साचलेल्या पाण्यात ओतलेल्या काँक्रीटमधील सिमेंट धुऊन जाते.

जमिनीचे थर पाहण्यासाठी गावची विहीर हे उत्तम पुस्तक आहे. बांधीव नसलेल्या विहिरीत माती कोठे संपते, मुरूम कोठे लागतो, खडक कोठून सुरू होतो, हे स्पष्ट दिसते. सुरक्षित अंतरावरून मुलांना दाखवून वहीत थरांचे चित्र काढवून घ्यावे. परिसर अभ्यासाचा पाठही होईल आणि शाळेच्या कपाटात एक उपयुक्त कागदही राहील. विहिरी खणणारे व खाचरे कसणारे वृद्ध लोक काय सांगतात, तेही त्यावर लिहून ठेवावे. मी ते ऐकले होते, परंतु लिहिले नव्हते.

दुसरा प्रयोग फुगणाऱ्या मातीचा. काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारे व उन्हात आकसणारे कण असतात. खाचराची माती वाळवून, बारीक चाळून, प्रत्येकी 10 ग्रॅम दोन मोजनळ्यांत घ्यावी. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. (रॉकेल हल्ली मिळणे कठीण, पण वाटीभर पुरते.) हलवून 24 तास ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही. त्यात 10 घनसेंटीमीटर भरली व पाण्यात 16 भरली, तर फुगवटा 60 टक्के झाला. 50 टक्क्यांच्या वर आकडा गेला, तर अभियंत्यास तसे लेखी कळवावे व नोंदवहीची नक्कल सोबत जोडावी. तोंडी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही.

अशा मातीवर उपाय आहेत. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखविले, की फुगणाऱ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा, न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर दाबून बसविल्यास खालचा फुगवटा आटोक्यात राहतो. योग्य जातीचा मुरूम याला चालतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असलेले काँक्रीटचे खुंट प्रचारात आणले. ते साधारण साडेतीन मीटर खोल, ऋतुमानाने न बदलणाऱ्या थरापर्यंत जातात. विदर्भ-मराठवाड्यातून येथे बदलून आलेल्यांनी काळ्या रानातील भेगा पाहिल्या आहेत. त्यांना याचे महत्त्व अधिक सांगावयास नको. आपल्याकडे मात्र मुरूम बहुधा हाती लागण्याजोगा असतो, म्हणून पहिला उपाय तोच: सर्व पाया एकाच थरावर टेकवा. मुरूम उतरता असेल, तर चरासही पायऱ्या पाडीत खाली न्या. चर चुकून जास्त खोल गेला, तर तो मातीने भरू नका. तेथे कमी सिमेंटचे काँक्रीट घाला. कोणत्याही जमिनीत 50 सेंटीमीटरपेक्षा कमी खोली नको. मुरूम फारच खोल असेल, तर खांब व त्यांना जोडणाऱ्या जोत्याच्या तुळ्या लागतील. त्याचा आराखडा अभियंत्याकडूनच घ्यावा, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये.

खाडीच्या वाळूत मीठ असते. तिने सळ्या गंजतात. काँक्रीटवर निदान 7 दिवस, मिश्र सिमेंट असेल तर 10 दिवस, पाणी मारले पाहिजे. ही पाळी मुलांकडे देऊ नये. जोत्याभोवती बाहेरच्या बाजूस उतार देऊन कोबा करावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरणार नाही. पिंपळाचे रोप भिंतीत दिसताच काढावे. त्यात पाप लागत नाही, असे मी गावकऱ्यांस पुष्कळदा समजावले आहे, यश निम्म्यावेळाच आले.

समोरच्या मेजावर काल दुपारी लावून ठेवलेल्या सहा मोजनळ्या आहेत. माळाची, खाचराची व नदीकाठची माती, प्रत्येकीची पाण्यात एक व रॉकेलात एक. आता 24 तास पूर्ण होत आले आहेत. प्रत्येक शाळेच्या एकाने पुढे येऊन आकडे वाचावेत व नोंदवहीत लिहावेत. त्यानंतर शाळेमागे खणलेला खड्डा पाहावयास जाऊ. कालचे पाणी त्यात रात्रभर मुरले आहे, तेव्हा चपला बाहेर काढूनच खाली उतरावे.