भरलेला हौद आणि रिकामा हौद

पेडणे तालुक्यातील चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प किंवा डिचोली-सत्तरीला पाणी देणारा पडोसेचा प्रकल्प ही नावे आपल्या घरच्या नळाशी जोडलेली आहेत. तुये आणि डिचोली येथील औद्योगिक वसाहतींचेही पाण्यावाचून चालत नाही. हल्ली पाणी उपसणारे पंप पुष्कळ ठिकाणी पीएलसी या नियंत्रकाच्या हुकमतीखाली असतात. पूर्वी पंपांचा क्रम बदलावयाचा म्हणजे रिलेच्या तारा सोडून पुन्हा जोडाव्या लागत. १९६९ साली अमेरिकेत मॉडिकॉन नियंत्रक आला आणि हे काम आज्ञावलीकडे गेले. कोणत्या खणात कोणते कार्ड आहे, त्याला कोणता संकेत मिळतो, हे आता संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये नोंदवावे लागते. ही नोंद चुकली तर काय होते, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, हौद पाच मीटर खोल आहे. पातळीमापक रिकाम्या हौदाला ४ मिलिअँपिअर आणि भरलेल्या हौदाला २० मिलिअँपिअर प्रवाह पाठवितो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ० ते २० अशी नोंद झाली. हौद भरलेला असताना आकडा बरोबर पाच मीटर येतो आणि चाचणी घेणारा निर्धास्त होतो. हौद अर्धा झाला, की अडीचऐवजी तीन मीटर दिसतात. हौद कोरडा पडला तरी पडद्यावर एक मीटर पाणी शिल्लक! अर्धा मीटर पाणी उरताच पंप थांबावा, अशी आज्ञा असली तरी ती वेळ कधीच येत नाही. पंप कोरडा फिरून त्याचे सील जळते. पावसाळ्यात दडलेली चूक अशी नेमकी मे महिन्यात बाहेर येते.

अशा वेळी कार्डे बदलण्याची घाई करू नये. प्रथम नियंत्रकातील आज्ञावलीची प्रत काढून ठेवावी. मग कार्डावरील दिवे व सॉफ्टवेअरमधील दोषनोंद वाचावी, मीटर लावून तारेतील प्रवाह मोजावा आणि तो पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावा. प्रवाह ४ असून पातळी एक मीटर दिसत असेल, तर दोष नोंदीत आहे. प्रवाह शून्य असेल, तर तार तुटली आहे किंवा मापकाची वीज गेली आहे. संकेत शून्याऐवजी चारपासून सुरू करण्याचे हे एक मोठे कारण होय. चाचणीसाठी एखादा संकेत सक्तीने चालू ठेवला असेल, तर निघण्यापूर्वी ती सक्ती काढावी.

दुरुस्तीनंतर नवी प्रत तारीख व कारण लिहून कचेरीत ठेवावी. नाहीतर पुढला माणूस जुनीच आज्ञावली यंत्रात भरील. आणि पातळीची चाचणी भरलेला, अर्धा व रिकामा अशा तिन्ही अवस्थांत घ्यावी. हौद रिकामा करणे शक्य नसेल, तर ४ मिलिअँपिअरचा कृत्रिम संकेत देऊन पडद्यावर शून्य येते की नाही, हे उन्हाळ्यापूर्वीच पाहून घ्यावे.